२३ एप्रिल १६१६: तारीख एक, दिवस दोन

'शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ला गेले. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला. तारखांमध्ये अदृश्य शक्ती असते' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो घरातल्या शाळकरी मुलीच्या भाषणात जसाच्या तसा उतरलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सोपी कसोटी वाराची. 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या सर्व्हांतेसच्या माद्रिदमध्ये, म्हणजे स्पेनमध्ये, २३ एप्रिलला शनिवार होता, शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डमध्ये मंगळवार! कारण स्पेनने १५८२ सालीच पोप ग्रेगरीची नवी दिनदर्शिका घेतली. तिथे गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. तारखा गळल्या, वारांची साखळी तुटली नाही. इंग्लंड मात्र १७५२पर्यंत जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरच चाललं. त्यामुळे शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे माद्रिदचा ३ मे. त्यातही सर्व्हांतेसची २३ ही तारीख येते माद्रिदच्या सान सेबास्तियान चर्चच्या नोंदवहीतून. तिथे दफनाचा दिवस लिहायची रीत होती, त्यामुळे मृत्यू २२चा असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. शेक्सपिअर गेला तेव्हा सर्व्हांतेसला पुरून दहा दिवस झाले होते.

युनेस्कोने १९९५मध्ये २३ एप्रिल पुस्तक दिन ठरवला, तो या जुळणाऱ्या तारखेमुळे. तारीख जुळते, हे मान्य. दिवस जुळत नाही.

गॅलिलिओ-न्यूटनची जोडी तर दोन दिनदर्शिका मिसळूनच बनते. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, नव्या गणनेने. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, जुन्या गणनेने. दोन्ही नव्यात मांडा: १६४२ आणि ४ जानेवारी १६४३. दोन्ही जुन्यात मांडा: २९ डिसेंबर १६४१ आणि १६४२. वर्ष कुठेच जुळत नाही.

जुनी तारीख नवी करताना १५८२पासून १० दिवस मिळवायचे, फेब्रुवारी १७००नंतर ११, १८००नंतर १२, १९००नंतर १३. सर्रास होणारी चूक म्हणजे सगळीकडे १३ मिळवणं, किंवा आधीच बदललेली तारीख पुन्हा बदलणं. १७५२आधी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, हे विसरलं तर वर्षही चुकतं. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची जन्मतारीख जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१ आहे, आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स दोघे ४ जुलै १८२६ला गेले, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. हे खरंच आहे. लिंकन आणि डार्विन १२ फेब्रुवारी १८०९ला जन्मले, हेही खरं. पण म्हणून शक्ती? नुसती २३ माणसं एकत्र आली तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. इथे तर हजारो नामवंतांतून हव्या तेवढ्या जोड्या निवडायच्या आहेत.

'७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बर, दुसऱ्या दिवशी मलाया' हा जपानी हल्ल्यांचा मुद्दाही त्या फिरत्या मजकुरात आहे. पर्ल हार्बर हवाईत आहे, आणि तारीख बदलणारी रेषा मधे असल्याने हवाईत ७ होती तेव्हा मलायात (आजच्या मलेशियात) ८ तारीख होती, आणि मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायच्या सुमारे तासभर आधीच उतरू लागलं होतं.