प्रेमाचा संवाद खटकला, पण चित्रपट पोकळ नाही

क्रिस्टोफर नोलन यांच्या 'इंटरस्टेलर' या अंतराळ-चित्रपटावर प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडले, असं त्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय ते खरंच आहे. पण 'विज्ञानाचा नुसता मुलामा' हा काही वाचकांचा आक्षेप मला अजिबात पटत नाही. किप थॉर्न यांच्यासारखा सापेक्षतावादाचा अभ्यासक या चित्रपटाच्या जन्मापासून त्यात होता. त्यांना पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी नोबेल मिळालं. गार्गान्टुआ हे कृष्णविवर त्यांच्या समीकरणांवरून उभं केलं आहे. विवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीचा मागच्या बाजूचा प्रकाश वाकून वर-खाली कडं दिसतं, ते गुरुत्वाकर्षणामुळे. हां, फिरत्या तबकडीची एक बाजू जास्त उजळ दिसायला हवी होती. प्रेक्षक गोंधळतील म्हणून नोलननी ते गाळलं. एवढी सूट मी तरी देईन.

पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे गणितही हवेतलं नाही. त्यासाठी कृष्णविवर प्रचंड वेगानं फिरणारं असावं लागतं, आणि कथेत ते तसंच आहे. त्यानंतर कथेचा नायक कूपर आपल्या मुलांचे २३ वर्षांचे साठलेले निरोप बघत बसतो. कालविस्फारण, म्हणजे प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ वेळ संथ होणं, काय असतं हे त्या प्रसंगात पोटात कळतं.

संवाद पार्श्वसंगीतात बुडतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. कूपरची सहकारी ब्रँड हिचं प्रेमावरचं भाषणही मला कृत्रिम वाटलं. शेवटची पुस्तकांच्या कपाटामागची पाच मितींची जागा तर निव्वळ कल्पना आहे, आणि थॉर्ननी आपल्या पुस्तकात सिद्ध काय, तर्क काय आणि कल्पना काय हे वेगवेगळं सांगितलंय. नावडलेल्यांनी निदान ते पुस्तक चाळावं, ही मनापासून विनंती.