ताई, ठशांवरून गाणं कळत नाही

काल रात्री ताईचा फोन. "अगं, छकुलीचं संगीत 9 टक्केच निघालंय. गाण्याचा वर्ग बंद करू का?" मागोमाग तो सगळीकडे फिरणारा मेसेज: दहा बोटांचे ठसे द्या, मुलाच्या आठ बुद्धिमत्तांची टक्केवारी घ्या, बालवाडीपासून त्याप्रमाणेच शिकवा, रिपोर्ट आयुष्यभर बदलत नाही. आणि हे म्हणे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं शास्त्र.

गार्डनर यांचं? बुद्धिमत्ता एकच नसते, संगीत, भाषा, गणित अशा अनेक असतात, हा सिद्धांत त्यांनी 1983 साली मांडला, त्यात ठशांवरून बुद्धिमत्ता मोजणं कुठेच नाही. उलट त्यांच्या व्याख्येतच संस्कृती आहे: बुद्धिमत्ता ही सुप्त क्षमता, ती एखाद्या संस्कृतीत जागी होते आणि तिथे मोलाचं ठरेल असं काही घडवते. पॅसिफिकमधल्या पुलुवात बेटावरचे नावाडी तारे बघून होडी हाकतात, हे त्यांच्याच पुस्तकातलं उदाहरण. तिथलंच एखादं पोर समुद्र नसलेल्या गावात वाढलं असतं तर? जपानच्या सुझुकी पद्धतीत आधी आई व्हायोलिन शिकते, मग मूल. घरात रोज सूर, सोबतीची मुलंही वाजवणारी. तिथे ठसे घेत बसतं कोण?

"रिपोर्ट बदलत नाही." कसा बदलेल? ठसे आईच्या पोटातच पक्के होतात, मूल कुठल्या घरात, कुठल्या भाषेत वाढणार हे ठरायच्याही आधी. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात.

बरं, एवढं मान्य की त्वचेवरच्या रेषांचा अभ्यास हे खरं शास्त्र आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांच्या तळहातावर एकच आडवी रेषा दिसते. पण तिथून थेट गाण्याच्या कानावर उडी?

"त्याप्रमाणेच शिकवा" हेही गार्डनर यांच्या नावावर खपवू नका. बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली नव्हे, हे त्यांनीच सांगितलंय.

बालवाडीतल्या मुलांसाठी त्यांनी आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड फेल्डमन यांनी 1984 मध्ये प्रोजेक्ट स्पेक्ट्रम सुरू केला. त्यात मुलांना हाताने फिरवायचं दळणयंत्र खोलून पुन्हा जोडायला दिलं. वर्गाची छोटी प्रतिकृती मांडून कोण कोणाशी खेळतं ते विचारलं. मुलं काय करतात ते बघितलं, बस.

ताईला विचारलं, छकुली कपड्यांच्या घड्या घालताना काय करते?

"गुणगुणते. मधेच पलंगावर थाप मारते, ठेक्यात."

"मग गुरुवारी वर्गाला पाठव तिला."