आबेंनी घटना बदललीच नाही

जुलै आला, जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा स्मृतिदिन जवळ आला, की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच: आबेंनी जपानची घटना बदलून देशाला सैन्य दिलं, बुडती अर्थव्यवस्था वर काढली, आपल्याला बुलेट ट्रेन फुकटात दिली, आणि जनतेनं त्यांना डोक्यावर घेतलं. आणखी एका आवृत्तीत शेपूट असतं: अल्प मुदतीच्या भरतीतून बाहेर पडलेल्या बेकार सैनिकानं त्यांना मारलं. आबे लहान माणूस नव्हते. पण या मजकुरातले आबे भलतेच कुणीतरी आहेत.

आधी घटना. जपानची राज्यघटना ३ मे १९४७ ला लागू झाली. तेव्हापासून तिच्यातला एक स्वल्पविरामही हललेला नाही. युद्धाचा त्याग करणारं नववं कलम जसंच्या तसं आहे. ‘सैन्य दिलं’ म्हणावं, तर स्वसंरक्षण दलं १९५४ सालची, म्हणजे आबेंच्या जन्मवर्षातली. मग आबेंनी केलं काय? जुलै २०१४ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळानं त्या कलमाचा अर्थ नव्यानं लावला. मित्रदेशावर हल्ला झाला आणि त्यानं जपानच्या अस्तित्वालाच धोका आला, तर बळ वापरता येईल, असं ठरवलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचे कायदे झाले, तेव्हा संसदेबाहेर रोज निदर्शनं चालू होती. मजकूर जुना, अर्थ नवा. आपल्याकडे जीआर वाचणाऱ्यांना ही कला वेगळी समजावून सांगायला नको.

खरी दुरुस्ती करायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर जनमतसंग्रहात बहुमत लागतं. २०१६ च्या निवडणुकीनंतर दुरुस्तीला अनुकूल पक्षांकडे तेवढी बाकं आली होती. २०१७ मध्ये आबेंनी २०२० ही मुदतही जाहीर केली. तरी प्रस्ताव मतदानापर्यंत गेलाच नाही. सोबतचा कोमेइतो पक्ष कचरत होता, लोकांचं मन वळत नव्हतं, आणि २०१९ मध्ये वरच्या सभागृहातलं ते गणितही मोडलं.

अर्थव्यवस्थेचं थोडक्यात. शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक दुपटीवर गेला, बेकारी चार टक्क्यांवरून अडीचच्या खाली आली. हे श्रेय द्यायलाच हवं. पण गोठलेले भाव हलावेत म्हणून ठेवलेलं, दोन वर्षांत गाठायचं म्हणून सांगितलेलं दोन टक्के महागाईचं उद्दिष्ट त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत पक्कं हाती लागलं नाही. एकीकडे बँक ऑफ जपान पैसा ओतत होती, आणि सरकार उपभोग कर ५ वरून ८ आणि ८ वरून १० टक्क्यांवर नेत होतं. दोन्ही वेळा ग्राहकानं हात आखडला.

आता ‘फुकट’ बुलेट ट्रेन. भूमिपूजनाच्या वेळचा हिशेब असा: मुंबई–अहमदाबाद ५०८ किलोमीटर, अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी, त्यातले सुमारे ८८ हजार कोटी जपानचं कर्ज. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायची नाही. कर्ज म्हणून हे झकासच आहे. पण कर्ज ते कर्ज, आणि येनमधलं, म्हणजे विनिमय दराचा धोका आपल्या माथी. शिवाय महाराष्ट्राच्या वाट्याला ५ हजार कोटी आलेच. पालघरमध्ये ज्यांची जमीन गेली त्यांच्यासमोर ‘फुकट’ हा शब्द उच्चारून पाहावा.

डोक्यावर घेतलं म्हणतात, तेही अर्धंच. सहा राष्ट्रीय निवडणुका त्यांनी जिंकल्या, हे खरं. पण २०१४ च्या विजयात मतदान ५३ टक्क्यांच्याही खाली होतं. शिवाय भानगडीही होत्या. ओसाकाजवळची ९५ कोटी ६० लाख येनची सरकारी जमीन १३ कोटी ४० लाखांत एका शिक्षणसंस्थेला गेली. नियोजित शाळेच्या मानद मुख्याध्यापिका म्हणून आबेंच्या पत्नीचं नाव होतं. अर्थ मंत्रालयानं या व्यवहाराच्या कागदपत्रांत फेरफार केल्याचं २०१८ मध्ये कबूल केलं. कोरोनात घरटी दोन कापडी मास्क वाटले, ते इतके तोकडे की खुद्द आबेंची हनुवटी बाहेर डोकावायची. लोकांनी त्याला ‘आबेनोमास्क’ नाव ठेवलं. आणि सरकारी इतमामातल्या अंत्यसंस्काराला जनमत चाचण्यांमध्ये विरोधच जास्त होता.

मारेकऱ्याचं शेपूट अग्निपथ योजनेच्या वादातलं. योजना जून २०२२ ची, हत्या ८ जुलैची. सांगड घालायला तेवढं पुरलं. तो नौदलात होता, पण २००५ पर्यंत. त्याचा राग युनिफिकेशन चर्च या मूळच्या कोरियन धर्मपंथावर होता. आईनं तिथं सुमारे १० कोटी येन देऊन घर धुळीला मिळवलं आणि आबे त्या चर्चचे पाठीराखे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पुढं मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या न्यायालयानं त्या चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला.

२४ ऑगस्ट २०२० ला आबेंनी आईचे काका एइसाकु सातो यांचा सलग पंतप्रधानपदाचा विक्रम मोडला, आणि चारच दिवसांनी मोठ्या आतड्याच्या जुन्या दुखण्यामुळं राजीनामा जाहीर केला. घटनादुरुस्ती अर्धवट टाकून जाताना काय वाटतं, हे सांगायला त्यांनी जो जपानी वाक्प्रचार वापरला, त्याचा शब्दशः अर्थ ‘आतडं तुटणं’ असाच होतो.