कोबीतल्या अळीला उगाच बदनाम करू नका

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज फिरतोय. कोबीतला किडा थेट मेंदूत शिरतो म्हणे, आणि शिजवला तरी मरत नाही! झालं, निम्म्या घरांतून कोबी हद्दपार.

अहो, कोबीत दिसते ती हिरवी अळी पतंगाची. शिजली की संपली. मेंदूत गाठी होतात त्या पट्टकृमीच्या, म्हणजे अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून आतड्यात येणाऱ्या चपट्या जंताच्या अंड्यांमुळे, आणि ती डोळ्यांना दिसतच नाहीत. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात. मैलापाणी वाफ्यात गेलं की पालक, मुळा, कोथिंबीर, कशालाही चिकटतात. म्हणून तर जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही यातून फिट येऊ शकते.

मुंबईकरांना वेगळं काय सांगायचं? रुळांकडेचे माठ-पालकाचे वाफे लोकलच्या खिडकीतून आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ‘ग्रो मोअर फूड’ योजनेत रेल्वेनेच या जागा आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिल्या. त्यातल्या कित्येक वाफ्यांना पाणी शेजारच्या नाल्याचं. आणि आपण भांडतो कोणाशी, तर भाजीवालीशी! तिला बसायला धड जागा नाही, जुड्यांवर मारायला चांगलं पाणी ती आणणार कुठून?

घरी काय करायचं? कोथिंबिरीची जुडी सोडा, मुळं मातीसकट कापून टाका, मोठ्या पातेल्यात काड्या खळबळून घ्या. माती तळाशी बसली की पाला वरून उचला. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर खालचा गाळ परत त्याच पाल्यावर! पाणी नितळ येईपर्यंत हेच करा. मीठ, व्हिनेगर यांच्या भरवशावर राहू नका. जंताच्या अंड्याचं कवच असं चिवट, की ते प्रयोगशाळेत नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिन या रसायनातसुद्धा टिकतं. उकळीपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. म्हणजे खरी काळजी शिजवलेल्या कोबीची नाहीच. ती भेळेवरच्या कोथिंबिरीची आणि पाणीपुरीतल्या पुदिन्याची. (मी दोन्ही खातो, तो भाग वेगळा.)

पण धुण्याची सगळी जबाबदारी घरच्या बाईवर टाकून यंत्रणा मोकळी, हे मला मान्य नाही. शाळेत 10 फेब्रुवारीला मुलांना जंताची गोळी देतात. उत्तम. पण कच्च्या खायच्या भाजीला दिलेल्या पाण्यात लिटरमागे सरासरी एकापेक्षा जास्त जंताचं अंडं नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 1989 मध्येच सांगितलं होतं. आपल्या वॉर्डातल्या वाफ्यांचं पाणी शेवटचं कोणी तपासलं, अहवाल कुठे आहे? मत मागायला येतील तेव्हा मी हेच विचारणार आहे, तुम्हीही विचारा.