गाव सुंदर करायचंय? आमच्या पेठेला विचारा

तुमच्या गावात व्यापारी संघटना आहे, आणि ती अजून नुसती जीएसटीच्या नावानं बोटं मोडत बसली आहे? मग गाव सुंदर कधी करणार? एकदा आमच्याकडे येऊन बघा. आमच्या पेठेतल्या संघटनेनं दोन वर्षांत असा काही कायापालट केलाय, की लग्न होऊन आल्यापासून सव्वीस वर्षं जिथं पिशवी घेऊन हिंडले ती पेठ परवाच्या बुधवारी मला ओळखू येईना. तिथं जे शिकले ते तुमच्या कामी यावं म्हणून सांगते. सल्ला फुकट आहे, पावती मागू नका.

आधी नाव बदला. 'व्यापारी मंडळ' म्हटलं की लोकांना वर्गणीच आठवते. व्हिजन, मिशन, स्मार्ट, ग्रीन यांतले निदान दोन शब्द हवेतच. अध्यक्ष एक, पण उपाध्यक्ष सात ठेवा. भांडणं मिटतात, आणि फ्लेक्स दोन्ही बाजूंनी सारखा भरतो.

फ्लेक्सवरून कुणी काही बोललं तर लक्ष देऊ नका. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाचा निकाल २०१७ चा आहे, म्हणजे जुना झाला. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ माणसं गेली, पण तो फलक एकशेवीस फुटी. आपला तर विजेच्या खांबाला तारेनं बांधलेला, चांगला आटोपशीर. शिवाय त्यावर 'आपले शहर स्वच्छ ठेवूया' असं लिहिलेलं असतं. तो बेकायदा कसा असेल?

कापडी पिशव्या वाटा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

सीसीटीव्हीचं उद्घाटन करा. उद्घाटन झालं की सीसीटीव्हीचं काम संपलं.

अभ्यासदौरा काढा. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद ठेवतात आणि माणसं रस्त्याच्या मधून मोकळी चालतात. ते बघायला आमचं शिष्टमंडळ तीन गाड्या घेऊन गेलं होतं. पार्किंग मिळालं नाही म्हणून चिडून परत आलं. तेव्हापासून आमच्याकडे दुकानाच्या दारात मालकाचीच गाडी उभी असते, अगदी सकाळपासून, म्हणजे गिऱ्हाइकाला गाडी लावायचा मोह नको.

आता झाडांकडे वळू. आमच्या पेठेच्या तोंडाशी कडुनिंब आहे. 'होता' म्हणणार होते, पण बुंधा अजून आहे, खोटं कशाला बोला. त्याला पार होता. बाजारकरू माणसं तिथं टेकायची, एक मोची बसायचा, दोघी-तिघी गजरेवाल्या बसायच्या. पन्नास वर्षांवरचं झाड म्हणजे वारसावृक्ष, ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावा, असं २०२१ पासून कायद्यात आलंय. म्हणून तुम्ही तोडायचं नाही, 'छाटणी' करायची. खालून सुरू करून वरपर्यंत. पाराच्या जागी प्लास्टिकचं गवत अंथरायचं आणि त्यावर पाटी लावायची: गवतावर बसू नये. बुंध्याला निळ्या दिव्यांची माळ खिळे ठोकून गुंडाळली की रात्री फार छान दिसतं, असं दिवसा तिथं कधी न थांबणारे लोक सांगतात.

फेरीवाल्यांचं काय करायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा म्हणतो की आधी सर्वेक्षण करा, ते झाल्याशिवाय कुणाला उठवू नका, उठवायचंच तर तीस दिवस आधी नोटीस द्या. शहराच्या पथविक्रेता समितीत चाळीस टक्के माणसं त्यांचीच घ्या, त्यांतही एक तृतीयांश बायका. एवढं सगळं कोण करणार? आमच्याकडे एक दिवस सकाळी नगरपालिकेचा ट्रॅक्टर आला आणि टोपल्या उचलून घेऊन गेला. नोटीस म्हणायची तर हॉर्न वाजवला होता. आता फूटपाथ मोकळा झालाय. त्यावर कापडवाल्यांनी साड्या नेसवलेल्या पुतळ्या मांडल्यात, मी मोजल्या, अकरा आहेत. प्लास्टिकच्या बाईनं फूटपाथवर उभं राहिलं की ती सजावट, आणि खऱ्या बाईनं गजरे घेऊन बसलं की ते अतिक्रमण. हा फरक नीट पाठ करा, भाषणात लागतो.

आणि मुख्य आकर्षण म्हणजे सेल्फी पॉइंट. त्याशिवाय गाव सुंदर होतच नाही. 'आय लव्ह' इंग्रजीत, मग लाल बदाम, मग गावाचं नाव, तेही इंग्रजीत. (मराठी पाट्यांच्या सक्तीविरुद्ध व्यापारी पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०२३ मध्ये न्यायालयानंच दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या लावायला सांगितल्या. प्रेम मात्र कुठल्याही भाषेत करायला मुभा आहे.) आमच्या नावातलं मधलं एक अक्षर आषाढातल्या वाऱ्यानं पडलं. आता आम्ही ज्या गावावर प्रेम करतो ते गाव नकाशात सापडत नाही. बदाम लुकलुकतोय अजून.

हा सेल्फी पॉइंट उभा करायला जागा कुठून आणायची? मुतारी पाडायची. तीन खण पुरुषांचे, दोन बायकांचे, बायकांच्या बाजूला एका दाराला कडी. घाण होती, मी कुठं नाही म्हणते? नाकाला पदर लावून जावं लागायचं. पण आमच्या संघटनेनं तिला धुवायची की पाडायची यावर विचार केला, आणि पाडणं जास्त स्वच्छ ठरलं. 'नवीन अद्ययावत स्वच्छतागृह प्रस्तावित' असा बोर्ड लावला. बोर्डही आता गेलाय, त्या खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे.

तर बुधवारी आम्ही बस्त्याला गेलो. पुतणीचं लग्न आहे. मी, माझी जाऊ, नवरी आणि आमच्या सासूबाई, वय वर्षं शहात्तर. नातीचा शालू मीच निवडणार म्हणून हट्टानं आलेल्या. दुकान संघटनेच्या सातांपैकी एका उपाध्यक्षांचं. गादीवर बसवलं, पाणी आलं, चहा आला, थोड्या वेळानं ताकसुद्धा. 'मावशी, घ्या की, आमच्याकडचं काही घेतच नाही तुम्ही!' आई हसून नको नको म्हणत होत्या. मी दोन कप चहा प्यायले, मूर्ख मी.

साडेबाराच्या सुमाराला आई माझ्या कानाशी आल्या. "अगं, इथं कुठं..." एवढंच. हे वाक्य कुठल्या बाईला पुरं करावं लागत नाही.

मी गल्ल्यावरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, आहे, पण किल्ली शेठकडं. शेठ कुठं? नगरपालिकेत, सुशोभीकरणाच्या दुसऱ्या टप्प्याच्या बैठकीला. फोन लावा म्हटलं. लावला. किल्ली गल्ल्यातच निघाली, तिला लाकडाचा ठोकळा बांधलेला, त्यावर धूळ. मागं गेलो, दार उघडलं, तर आत छतापर्यंत साड्यांची खोकी, गणपतीच्या आराशीचा थर्माकोल, आणि गुंडाळून उभा केलेला फ्लेक्स. कमोड कुठंतरी खाली असणार. मुलगा म्हणाला, "हितलं कुणी वापरत न्हाई काकू." मग तुम्ही कुठं जाता रे? तो मागच्या भिंतीकडं बघायला लागला. बरोबर आहे, त्याला भिंत पुरते. साड्या दाखवणाऱ्या दोन पोरी होत्या, विशीतल्या. त्यांतली एक घडी घालता घालता माझ्याकडं न बघता म्हणाली, "आम्ही सकाळधरनं पाणीच पीत न्हाई, ताई. सवय झालीय."

सवय झालीय! सकाळी दहा ते रात्री नऊ! ज्या दुकान कायद्यात पाटी मराठीत लावा म्हटलंय ना, त्याच कायद्यात २०१७ मध्ये तो आला तेव्हा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं बायका-पुरुषांसाठी स्वच्छतागृह द्यायचं, असं म्हटलं होतं. मला त्या दुकानात चौदा माणसं दिसली. वहीत नऊ असतील. मुंबईतल्या बायकांनी २०११ मध्ये 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, म्हणून चळवळ सुरू केली, तेव्हा आमच्याकडे लोक हसले होते, काय ते नाव, काय ती मागणी. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यातली सगळी शहरं हागणदारीमुक्त जाहीर झाली, त्याचा आनंदमेळावा आमच्या पेठेतच भरला होता, मुतारीच्या समोर. मी पेढा खाल्लाय त्याचा.

शेजारच्या दुकानात विचारलं, तिथंही तेच. सोनाराकडं 'सिक्युरिटीचा प्रश्न' आहे. मिठाईवाल्यानं आधी काय घेणार ते विचारलं. शेवटी जावेला आणि पोरीला तिथंच ठेवून मी आईंना रिक्षात घातलं. नवा रस्ता आहे, संघटनेनंच पाठपुरावा करून गतिरोधकाचे पट्टे घालून घेतलेत, पाच-पाचचा एक जथा, घरापर्यंत सहा जथे. प्रत्येक जथ्याला आईंनी माझं मनगट धरलं. बोलल्या काहीच नाहीत.

संध्याकाळी त्यांच्या पायावर सूज दिसली. बोट दाबलं की खड्डा राहत होता. गोळ्यांचा डबा काढून बघितला तर सकाळच्या खणात बीपीसाठी दिलेली, लघवी करवणारी गोळी तशीच. "बाजारात जायचं होतं ना," म्हणाल्या. नातीचा शालू निवडायचा म्हणून माझ्या सासूनं तिची बीपीची गोळी घेतली नव्हती, आणि कपभर चहाला नको म्हणत हसत होती.

आता यापुढं मला उपरोध जमत नाही.

अहो शेठ, तुमच्या आजोबांनी त्याच कडुनिंबाखाली पाणपोई बांधली होती. संगमरवराच्या तुकड्यावर नाव होतं, इतकं बारीक की वाकून वाचावं लागायचं. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या त्या तुमच्या आजोबांसारख्यांनी दिलेल्या पैशांवरच. बाजार माणसांवर चालतो, आणि माणसाला तहान लागते, लघवी लागते, त्याचे पाय दुखतात, हे त्या अडाणी माणसाला कळत होतं. तुम्ही एमबीए झालेल्या पोराला सचिव केलंत आणि गावातून बसायची जागा, प्यायचं पाणी आणि मुतारी तिन्ही काढून टाकलीत. वर म्हणता, लोक ऑनलाइन खरेदी करतात, पेठ ओस पडतेय. का नाही करणार? घरी संडास आहे! आमच्याकडून त्या दिवशी एक्केचाळीस हजार सहाशे घेतलेत. तेवढ्यात एका दाराला कडी बसत नाही? वर्गणी काढायची तर काढा, मी पहिली पावती फाडते. पण दिव्यांसाठी आलात तर दारातून परत पाठवीन, चहाही विचारणार नाही.

आणि निदान त्या दोन पोरींसाठी ती खोकी आज बाहेर काढा. उद्या नाही, आज. बैठक नको, ठराव नको, फोटोग्राफर तर नकोच.

गुरुवारी ब्लाउजपीस बदलायला मी येतेय. आई येणार नाहीत. किल्ली गल्ल्यात, डाव्या बाजूच्या खणात आहे, मला माहीत आहे. मी आधी दार उघडून बघणार, मग गादीवर बसणार.