ॲप दोघांच्याही फोनवर हवं

ताई, एवढं मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, आभार. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट चालू असताना ॲपचा आधार होतो, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही चिडला आहात. तुमची मुलगी सध्या याच ट्रीटमेंटमधून जाते आहे, दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसते, रात्री झोपत नाही. शिवाय ही ॲप्स खाजगी माहिती विकतात, आणि या दिवसांत बाईला माणसं लागतात, यंत्र नाही, असं तुमचं म्हणणं.

माहितीबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपवर २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठपका ठेवला होता. माहिती गुप्त राहील असं सांगून ती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना दिली, हा आरोप. २०२३ मध्ये प्रीमॉमवर तशीच कारवाई झाली, एक लाख डॉलरचा दंड झाला. आणि प्रीमॉम तर मूल व्हावं म्हणून धडपडणाऱ्या बायकांसाठीचंच ॲप! आपल्याकडे २०२१ च्या एआरटी कायद्याने, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या कायद्याने, पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आयव्हीएफ सेंटरवर घातलंय, पण आपण प्ले स्टोअरवरून उतरवलेलं फुकटचं ॲप म्हणजे सेंटर नव्हे. त्यात रिपोर्टचे फोटो टाकायचे नाहीत, पूर्ण नाव द्यायचं नाही. पाळीची तारीख लिहायला लोकेशन लागत नाही, तेव्हा ती परवानगीही द्यायची नाही.

पण मुलगी नेमकं कुठलं ॲप बघते, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. मागच्या पाळीवरून 'आजचा दिवस अनुकूल' असं सांगणारं ॲप असेल तर ते आजच काढून टाकायला सांगा. स्टिम्युलेशनची, म्हणजे बीजं वाढवणारी इंजेक्शनं सुरू झाली की बीजं कधी तयार होणार हे औषधं आणि सोनोग्राफी ठरवतात. कॅलेंडरचा तिथे काही संबंध उरत नाही. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरच्या फिकट रेघांचे फोटो टाकणारे ग्रुप असतील तर तेही बंद. ट्रिगरच्या, म्हणजे बीजं काढण्याआधी ती पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनात बहुतेकदा एचसीजी असतं, आणि घरची टेस्ट नेमकं हेच हार्मोन शोधते. ते अंगात असेपर्यंत, म्हणजे साधारण दहाएक दिवस, घरच्या टेस्टवर खोटी रेघ उमटू शकते. त्या रेघेपायी किती रडारड होते, ती मी जवळून पाहिली आहे.

मी ज्या ॲपबद्दल लिहिलं होतं ते सेंटरने दिलेलं वेळापत्रक सांभाळणारं. काही सेंटर्सची स्वतःची ॲप्स आहेत. नसेल तर औषधांची आठवण करणारं साधं ॲपही चालतं. त्याची गरज का पडते ते सांगते. सोनोग्राफी झाली की दुपारी सेंटरचा फोन येतो. तुम्ही ऑफिसात नाहीतर एसटीत. सिस्टर भराभर सांगतात: काल डोस २२५ होता, आज १५० घ्या, हे फ्रिजमधलं, ते बाहेरचं. हाताला लागेल त्या बिलाच्या पाठीवर आपण लिहून घेतो. ट्रिगरची वेळ तर फारच नेमकी. एग पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं, त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी करतात. गुरुवारी सकाळी नऊचं पिकअप असेल तर मंगळवारी रात्री दहाला इंजेक्शन, आणि उशीर झालाच तर न लपवता लगेच सेंटरला फोन. हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं म्हटलं तर झोप उडणारच.

पिकअपनंतर चांगलं ॲप रोज विचारतं: पोट फुगलंय का, वजन एकाएकी वाढलंय का, लघवी कमी होतेय का, धाप लागतेय का? ओव्हरी प्रमाणाबाहेर उत्तेजित झाल्याची ही लक्षणं आहेत. निदान ॲपने करायचंच नाही. त्याने सेंटरचा नंबर समोर धरला तरी पुरे, कारण आपल्या घरांत 'एवढं होतंच गं' म्हणून दुखणं अंगावर काढायची सवय असते.

आता माणसांबद्दल. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी फाइल बायकोच्या पर्समध्ये, सुया बायकोच्या पोटात आणि तारखाही बायकोच्याच डोक्यात. 'काही गोड बातमी?' हे विचारतात तेही तिलाच. आमच्याकडे नवऱ्याच्या फोनवर तेच वेळापत्रक टाकलं आणि रात्रीचा गजर त्याच्या उशाशी वाजायला लागला. फ्रिजमधून डबी काढणं, कापूस-स्पिरिट मांडणं, वापरलेली सुई वेगळ्या डब्यात टाकणं, सगळं त्याने अंगावर घेतलं. 'आज किती वाजता आहे?' हा प्रश्न मला त्यानंतर कुणी विचारला नाही, आणि मला नेमकं तेच माणूस हवं होतं.

म्हणून ताई, मुलीला विचारा, तिच्या फोनमध्ये काय काय आहे. वेळापत्रक ठेवा, बाकीचं काढा. जावईबापूंच्या फोनवरही तेच टाकायला सांगा, आणि इंजेक्शन द्यायला त्यांनीच शिकावं. सेंटरमध्ये सिस्टरना विचारलं तर त्या शिकवतात.