फुत्कार म्हणजे डूख नव्हे

"त्याना डूख धरल्यान. सड्यार सोडून येवया," मालवणहून ताईचा फोन. सडा म्हणजे गावाबाहेरचा खडकाळ माळ. 'तो' म्हणजे भाच्याचा बॉल पायथन, आफ्रिकेतला बिनविषारी अजगर, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: फुत्कारणारा पाळीव साप सूड घेतो, त्याला दूध-हळद पाजा, डोक्यावर टिचक्या मारा, रोज हातात घ्या. तरी नमला नाही तर रानात सोडा आणि आपल्याकडचं अजगराचं पिल्लू धरून आणा.

साप डूख धरत नाही. तो घाबरतो. मी जाऊन पाहिलं तर काचपेटी टीव्हीशेजारी, चारही बाजूंनी उघडी, लपायला कोपरा नाही. डोळे दुधाळ निळसर, म्हणजे कात टाकायला आलेला, धड दिसत नाही. त्यात पावसामुळे सारखी वीज जाऊन पेटीखालची ऊब देणारी हीटमॅट गार. अशात घारीसारखा वरून हात आला तर तो फुत्कारणारच! पेटीला तीन बाजूंनी कागद लावला, फुटकं मडकं उपडं ठेवलं, पाणी ठेवलं आणि कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. आठव्या दिवशी अख्खी कात निघाली. मग भाच्याने बाजूने, पोटाखालून हात घालून उचललं, तेव्हा हूं की चूं नाही.

दूध सापाला पचत नाही, विषय संपला. टिचकीने हात म्हणजे शत्रू एवढंच तो शिकतो. हाताळून सवय होते हे मात्र खरं, मान्य करावं लागतं. पण ती एका वेळी दहाच मिनिटं हाताळून होते, आणि खाल्ल्यावर दोन दिवस किंवा कात टाकताना अजिबात हात लावायचा नाही.

राग येतो तो शेवटच्या सल्ल्याचा. आफ्रिकेतला साप सड्यावर सोडला तर एक तर तो मरेल, नाहीतर त्याचे रोग आणि गोचिडी इथल्या सापांना लागतील. आणि अजगराचं पिल्लू? अंगावरचे ठिपके बघून घोणशीलाच अजगर समजून हात घालणारे आजही आहेत. घोणशीच्या पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या साखळ्या असतात, अजगराच्या पाठीवर वेडेवाकडे मोठे चट्टे. घाईत कोण निरखून बघतो? एक दंश आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगर धरणं, पाळणं गुन्हा आहे, मेसेज काहीही म्हणो.

घरात रानचा साप शिरला तर लांब उभे राहा आणि वनविभागाला 1926 वर फोन लावा.